ढाब्याच्या मेन्यूत भरीत का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या डिसेंबरात माझी ताई, दाजी आणि त्यांची दोन मुलं पुण्याहून गाडीने आमच्याकडे अमळनेरला आली, मी मुद्दाम आदल्या दिवशी संभाजीनगरला जाऊन त्यांच्या गाडीत बसलो कारण रस्ता मला दाखवायचा होता. दाजींचं म्हणणं नेहमीचंच, खान्देशात बघायला काय आहे, ऊन आणि केळी. हे ऐकून ऐकून खरंच वाईट वाटतं हो.

कन्नडचा घाट उतरायच्या आधी गाडी थांबवली. खाली चाळीसगावकडचा सगळा सपाट मुलूख, शेतांचे तुकडे, लांबवर धुरकट होत गेलेले. मग चाळीसगावहून १८ किलोमीटर आत पाटणादेवी. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे चंडिकादेवीचं दगडी देऊळ, सगळं गौताळा अभयारण्याचं जंगल. केदारकुंडाची धार डिसेंबरात बारीक होते, ते बघायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरातच यावं. पण मुलांना मी भास्कराचार्यांचं सांगितलं, १११४ साली जन्मलेला एवढा मोठा गणिती, आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला त्याचा शिलालेख याच पाटणला सापडलाय. भाची आठवीत आहे, ती म्हणाली मामा हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. दाजी म्हणाले तू गाडीत नसतास तर आम्ही सरळ पुढे निघून गेलो असतो.

आता मूळ मुद्दा. दुपारचे दोन वाजलेले, सगळ्यांना भूक लागलेली, हायवेवरच्या एका ढाब्यावर बसलो. मी भरीत मागितलं. भरिताच्या वांग्यांचा ऐन सीझन, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं. तर तो पोरगा म्हणे, भरीत नाही, पनीर बटर मसाला, काजू करी, व्हेज कोल्हापुरी. बरं शेवभाजी? ती होती पण शेव आधीच रश्शात टाकून ठेवलेली, पार लगदा झालेला. शेवभाजीची शेव जाड आणि तिखट पाहिजे आणि ताट वाढतानाच काळ्या मसाल्याच्या उकळत्या रश्शात पडली पाहिजे, हे आमच्याकडे लहान पोराला पण माहितीय.

हात धुवायला मागे गेलो तर तिथे काम करणाऱ्या दोन बायका जेवत होत्या, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल. मी नुसता बघत उभा राहिलो तर त्यातल्या मावशींनी अहिराणीत विचारलं, 'कथा चालना भाऊ?' (कुठे चाललास भाऊ?) आणि अर्धी भाकरी तोडून हातावर ठेवली. ज्वारीत अख्खे उडीद आणि खडेमीठ घालून दळलेल्या पिठाची ती भाकरी, कडेला जराशी करपलेली. मी ती टेबलावर आणली, मुलांनी पनीर बाजूला सारून तिचेच तुकडे केले. म्हणजे चव आहे, करणारे हात तिथेच आहेत, गिऱ्हाईक पण समोर बसलंय, फक्त मेन्यूकार्डावर ते नाही. का नाही?

माझी हॉटेलवाल्यांना कळकळीची विनंती आहे, पंजाबी ठेवा, कोण नाही म्हणतंय, पण बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा, आज भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की तिथून पुढे थंडीभर वांगी तुराट्यांवर भाजून, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे घालून खरं भरीत करता येतं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही आणि येणारा पण नाही. पाहुण्याला सांगा की अर्धा तास लागेल, तो थांबतो. पातोडीचा रस्सा, वरण-बट्टी हे पण घरच्या लग्नापुरतं ठेवू नका.

आणि प्रशासनाला एवढंच की पाटणादेवी, यावलकडची मनुदेवी, पाल, पद्मालय या ठिकाणांचे फाटे येतात तिथे चांगले ठळक बोर्ड असावेत, किलोमीटर लिहिलेले, आणि बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट. ताई त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नव्हती, का ते सांगायला नको. मनुदेवीला पावसाळ्यात मंदिरामागे धबधबा कोसळतो, वरून अचानक लोंढा येऊ शकतो, तिथे नाल्यात उतरू नका हे पण लिहिलं पाहिजे.

ताई मे महिन्यात परत येणार आहे, या वेळी तोरणमाळ हे आमच्याकडचं थंड हवेचं ठिकाण करायचंय. यशवंत तलाव, सीताखाई आणि त्या भागातल्या पाड्यांवर आमचूरसाठी वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी मुलांना दाखवायच्यात. फक्त शहाद्याच्या पुढे आपलं जेवण कुठे मिळेल ते अजून ठरत नाहीये. तुमच्या वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर याच सदरात जरूर कळवावं.

आपला,
एक नियमित वाचक, अमळनेर