आता निघायचं मनावर घ्या

सिडनी
२ नोव्हेंबर २०२१, धनत्रयोदशी

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर तुमच्या इकडे येण्याचा विषय निघाला की बाबा तब्येतीचं विचारून बोलणं फिरवतात, म्हणून लिहूनच पाठवते. आई, तू त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, तुम्ही घेतलेली कोव्हॅक्सिन काल इथल्या सरकारनं मान्य केली. आईची कोविशील्ड १ ऑक्टोबरलाच मान्य झाली होती. आणि कालपासून इथल्या नागरिकांचे, कायम रहिवाशांचे आई-वडील ‘जवळचे कुटुंबीय’ धरले जातात. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्यापासून त्या यादीत नवरा-बायको होते, मुलं होती, आई-वडील नव्हते. ईरा झाली तेव्हा आईला येता आलं नाही ते एवढ्यासाठी. साथ आवरायला दारं लावावी लागतात हे मला कळतं, पण बाळंतिणीची आई जवळची नाही, हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

एप्रिलमध्ये बाबा ऑक्सिजनवर होते, त्याच सुमारास, २७ तारखेला, इथल्या सरकारनं भारतातून येणारी विमानं थांबवली. ३ मेपासून तर भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकालाही पाच वर्षांपर्यंत कैद नाहीतर ६६,६०० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १५ मेला ते उठलं, पण इथून बाहेर पडायलाही सरकारी परवानगी लागायचीच, आणि गेलं तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. आई, तू रात्री ऑक्सिमीटरचा फोटो पाठवायचीस. ९१. मग ८९. मग कितीतरी वेळ काहीच नाही. ईराला मांडीवर घेऊन मी फोनकडे बघत बसायचे. त्या रात्रींबद्दल मला अजून कुणाशी बोलता येत नाही.

म्हणूनच ‘उन्हाळा झाल्यावर बघू’ म्हणू नका. आज उघडलेली सीमा उन्हाळ्यानंतरही उघडी असेल असं कुणीही सांगू शकत नाही. दोन्ही डोस झालेल्यांना सिडनीत हॉटेलात १४ दिवस ठेवणं कालपासून बंद झालंय. ६ डिसेंबरपासून दिल्लीहून सिडनीचं विमान सुरू होतंय. २०१९ मध्ये काढलेला तुमचा व्हिसाही अजून चालू आहे. आणि बाबा, इथे डिसेंबरात उन्हाळा असतो, तुमच्या छातीला थंडीचा त्रास होणार नाही.

आता कागदपत्रं. कोविनवरून परदेश प्रवासासाठीचं लसीचं नवं प्रमाणपत्र काढा, त्यावर पूर्ण जन्मतारीख येते. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. बाबांच्या प्रमाणपत्रावर नुसती आद्याक्षरं आहेत, ती दुरुस्ती कोविनवरच करता येते. निघण्याआधी ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर लागेल, ती दिल्लीत करू.

खरी अडचण माझ्या जन्मदाखल्याची आहे. इकडे येण्याच्या परवानगीसाठी तुम्ही माझे आई-वडील आहात हे त्यावरूनच दाखवायचं, आणि मिरज नगरपालिकेच्या त्या जुन्या दाखल्यावर आईचं नाव ‘नंदा’ आहे, पासपोर्टवर ‘सुनंदा’. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं ॲफिडेव्हिट वकिलांकडून करून घ्या, आणि दाखल्याचं इंग्रजी भाषांतरही. दाखला लोखंडी कपाटात, एलआयसीच्या फाइलीखाली असेल. आई, तो घडीवर फाटत आलाय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ने. झेरॉक्स नको, मूळ दाखल्याचा स्कॅन हवा.

घराची काळजी करू नका. कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या काकू तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले. दादा दिल्लीपर्यंत सोबत येईल. बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत मागा.

पाडव्याला दादा घरी असेल. दुपारी जेवणं झाली की त्याच्या लॅपटॉपवर परवानगीचा फॉर्म उघडा. त्या वेळी इथे रात्र असते, ईरा झोपलेली असते, मी फोनवर थांबेन आणि एकेक रकाना सांगेन. तिकिटाची तारीख बाबांनी सांगायची.

तुमची,
मनू