ते नाटक दुपारी लावा, आमच्या गावात लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी रात्री जळगावला एका हौशी संस्थेचं नाटक पाहिलं. त्यातला नवरा पीत नाही, हात उगारत नाही, शिवीसुद्धा देत नाही. रोज संध्याकाळी फक्त हिशेब मागतो. बायको बाजारातून येते, ओट्यावर सुट्टे पैसे मांडते. "वांगी चाळीसची, मेथी वीसची. मग दहा कुठं गेले?" आवाज अगदी शांत. ती पिशवी उलटी करते, पदराची गाठ सोडून बघते आणि मग गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहते. तो पेपर वाचत बसतो. दोन मिनिटं रंगमंचावर कुणी बोलत नाही. (दुसऱ्या अंकातलं वकिलाचं भाषण मात्र कापाच. ते हात सगळं सांगून गेले होते.)

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मारत तर नाही ना? मग हिला दुखतं काय?" आमच्याकडे माहेरची माणसंही हेच विचारतात. 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी महाराष्ट्र १९१९ पासून रडत आला, कारण तिथं प्याला डोळ्यांना दिसतो. इथं दाखवायला ना बाटली, ना वळ. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारच मानला आहे. तरी दोन्हीकडची मंडळी बैठकीला बसली की पहिला प्रश्न असतो, "हात उचलला का?"

माझ्या शेजारी पस्तिशीतली एक बाई होती. मध्यंतरापर्यंत तिला चार फोन आले. प्रत्येक वेळी पदराआड तोंड करून ती एकच सांगायची, "हो, नाटकातच आहे." पाचव्या फोनला उठली. "चालली मी, माय," एवढंच म्हणाली. पुढं काय झालं ते तिला कळलंच नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

ज्यांच्यासाठी हे नाटक आहे, त्यांना रात्री नऊच्या प्रयोगाला घरातून कोण सोडणार? अमळनेर, पारोळा, चोपड्याहून जळगावला कोण पाठवणार? म्हणून त्या नाट्यसंस्थेला आपल्या पत्रातून कळकळीची विनंती आहे. संक्रांत तोंडावर आली आहे. रथसप्तमीपर्यंत घरोघरी, मंडळा-मंडळांत हळदीकुंकू चालेल. त्याला जायला आमच्या बायांना कुणाची परवानगी लागत नाही. तिथंच, दुपारी तीनला, हे नाटक करा. नेपथ्य नसलं तरी चालेल, ओटा आणि सुट्टे पैसे पुरेत. कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांसाठी एखादा प्रयोग बाजाराच्या दिवशी ठेवा. वाणाच्या पुडीत १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक लिहून द्या.

अमळनेरच्या प्रयोगासाठी सभागृहाचं भाडं आणि कलाकारांचं जेवण आमच्या गल्लीतल्या बाया वर्गणी काढून देतील. मी विचारूनच लिहिते आहे.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)