चष्म्यातल्या पांढऱ्या बांगड्या

संपादक साहेब, नमस्कार.

जागतिक छायाचित्रण दिनाची पुरवणी वाचली, लेन्स, मेगापिक्सेल, लाईट सगळं आलं, पण ज्याचा फोटो काढायचा तो माणूस कुठंच दिसला नाही म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात बाबांना पंचाहत्तरीच्या फोटोसाठी गावातल्या एका नव्या स्टुडिओत नेलं. पोरगा हुशार, सामान तर विचारू नका, चेहऱ्याच्या फोटोसाठीची ८५ एमएमची लेन्स, हा एवढा मोठा बांगडीसारखा गोल रिंग लाईट, आणि कॅमेरा स्वतःच डोळा शोधून फोकस धरतो. म्हणजे याला बाबांकडे बघायला वेळच वेळ, पण याचं लक्ष सगळं मागच्या स्क्रीनमध्ये. "काका हनुवटी खाली, काका स्माईल." बाबांचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला, रोज शेकडो माणसांशी बोलणारा माणूस, तो तिथे पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा ताठ! वर चष्म्याच्या दोन्ही काचांत रिंग लाईटच्या पांढऱ्या बांगड्या, आणि हातात फोटो आला तेव्हा सुरकुत्या गायब. बाबा म्हणाले, हे कोण पाहुणे?

तंत्र नको असं मी म्हणत नाही हां. लाईट जरा वर आणि बाजूला घेतला किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलल्या की काच खाली झुकते नि बांगड्या जातात, हे पण तंत्रच, पण त्यासाठी समोरच्या माणसाकडे बघावं लागतं ना.

कॅनडातले छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ ला ओटावात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चर्चिल यांचा फोटो काढला, तेव्हा लाईट आणि कॅमेरा आदल्या संध्याकाळीच लावून ठेवलेले. त्यामुळे मिळालेल्या दोन मिनिटांत नजर फक्त चर्चिलवर. चर्चिल सिगार काही सोडेना, तर हा पठ्ठ्या "माफ करा सर" म्हणत पुढे गेला, सिगार तोंडातून काढून घेतला आणि क्लिक! तोच भडकलेला चेहरा २०१६ मध्ये ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर आला. बाबांचा सिगार काढायची गरज नव्हती हो, नुसतं "काका, कुठल्या रूटवर होता?" विचारलं असतं तरी पुरे होतं.

निघताना पैसे देताना बाबा सवयीनं म्हणाले, "सुट्टे द्या हो, सुट्टे!" पोरगा खळखळून हसला, बाबा पण हसले. कॅमेरा तोवर बॅगेत गेला होता.

- एक वाचक, कराड