शहागंजातल्या घड्याळवाल्या चाचांना

आदरणीय चाचा, सलाम.

अंदमानात सापडलेल्या नव्या जातीच्या किड्याचं वर्णन एकदाचं लिहून झालं आणि तपासणीला गेलं. अशा लेखाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद असतो. त्यात वन खातं, मार्गदर्शक, प्रयोगशाळा आणि मग तुमचं नाव आहे. पण तिथं एका ओळीत काय मावणार! म्हणून हे पत्र, चारचौघांत.

पहिल्यांदा चिमटा घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "एवढ्या बारीक टोकाचं काय करायलीस?" दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून सांगायचं राहिलं. आता सांगते.

आमचा किडा म्हणजे कॅडिसफ्लाय. तो दिसतो पतंगासारखा, पण त्याच्या पंखांवर खवले नसून केस असतात. अळी पाण्यात वाढते. जगात याच्या 16 हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी वरून बघितल्या तर सारख्याच, बारक्या आणि तपकिरी. जात ठरते ती बहुतेक वेळा नराच्या पोटाच्या टोकावरून. तिथल्या जननेंद्रियांची वळणं, काटे, आकडे जातीजातीत वेगळे. उत्तर अंदमानात सॅडल पीक नावाचा 732 मीटरचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या ओढ्याकाठी रात्री पांढरा पडदा बांधून दिवा लावला, त्यावर आलेल्या किड्यांत आमचा हा नर होता.

पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवलं की मांस विरघळतं आणि नुसतं कठीण कवच उरतं. ते ग्लिसरीनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बाजूनं, वरून, खालून बघत चित्रं काढायची. ज्या एका नमुन्याच्या आधारावर नव्या जातीला नाव मिळतं, तो कायमचा जपायचा असतो. पुढं कधी कुणाला शंका आली तर त्यालाच बाहेर काढून बघतात. त्यामुळं एक काटा मोडला तरी भरपाई नाही. आणि आमच्या विभागातल्या चिमट्याची टोकं एकमेकांना भिडतही नव्हती! नवा परदेशी घ्यावा तर शिष्यवृत्ती थकलेली.

तुम्ही डोळ्याला भिंग लावलं, तेल लावलेल्या दगडावर टोकं घासली, उजेडासमोर धरून मधली फट बघितली, परत घासली. सेल बदलायचे घेता तेवढेच पैसे घेतले. हे झालं चिमट्याचं. खरी गोष्ट पुढची.

माझी अडचण अशी होती की तो तुकडा ग्लिसरीनमध्ये एका जागी थांबतच नव्हता. बाजूनं बघावं तर कलायचा, वरून बघावं तर फिरायचा. प्रत्येक चित्र वेगळ्याच कोनातलं. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, पार्ट धरून ठेवायचा नसतो, त्याला बसायला जागा करून द्यायची. तुम्ही घड्याळाच्या चक्राखाली मऊ पुट्टीचा गोळा ठेवता, तसं काहीतरी. रात्री मी ग्लिसरीनमध्ये कापसाचे चार तंतू सोडले आणि त्यांच्या बेचक्यात तुकडा टेकवला. बसला की! मनगट टेबलावर, करंगळी टेकलेली, श्वास सोडल्यावरच हात हलवायचा, हेही तुमचंच. आकडा पोटाच्या दिशेनं वळलेला आहे की नुसता तसा दिसतो, हे त्याशिवाय कळलंच नसतं, आणि जात नवी आहे हे त्या वळणावरच तर उभं आहे.

तुम्ही विचारलं होतं, असले किडे आपल्याकडे नाहीत का? आहेत ना. गौताळ्याच्या जंगलातल्या ओढ्यातली ती वाळूची नळी आठवते, अशाच एका अळीचं घर? तुम्ही भिंगाखाली धरून कितीतरी वेळ कण न् कण बघत बसलात आणि म्हणालात, याला चिकटवलंय कशानं. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमानं, चाचा, तेही वाहत्या पाण्याखाली. बाजारातला कुठला गोंद ओल्यावर असा धरतो? अंदमानवाल्याच्या कुळातल्या अळ्या मात्र नळी करत नाहीत. त्या दगडाखाली रेशमाची बारीक पिशवी विणतात आणि पाण्यातून येणारं खाणं त्यात अडकवतात. घाण पाण्यात बहुतेक कॅडिसफ्लाय तग धरत नाहीत, म्हणून आपल्या खाम नदीच्या काठी शोधायला मी काही जात नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नमुना सरकारमान्य संग्रहालयात जमा होईल. पोटाचा तुकडा बारक्या कुपीत, ग्लिसरीनमध्ये, किड्याच्या सोबतच राहील. नाव अजून जाहीर करता येत नाही. तुमचं नाव द्यायचं मी म्हटलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत, "नको गं बाई, नातवंडं हसतील." बरं, नाही दिलं.

चिमट्याची टोकं परत बोथट झाली आहेत. शुक्रवारी दुकान बंद असतं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी येते. या वेळी चहाचे पैसे मी देणार.

तुमची,
किडेवाली पोरगी