खिडकीतून दरी दिसते, कचराकुंडी नव्हे!

गेल्या महिन्यात कालका-शिमला गाडीने प्रवास केला. ९६ किलोमीटरचा, शंभरावर बोगद्यांचा हा मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. बडोगचा बोगदा तर एक किलोमीटरहून लांब. आत गेलो की डब्यातली पोरं ओरडायची, बाहेर आलो की देवदार आणि गार वारा. मन भरून आलं.

आणि तिथेच समोरच्या बाकावरच्या एका कुटुंबाने वेफर्सचं पाकीट, मग पाण्याची बाटली सरळ दरीत भिरकावली. बाटली दगडावर आपटत खाली गेली, तो आवाज अजून कानात आहे. ती माणसं मराठीत बोलत होती, याचं जास्त वाईट वाटलं.

आपल्या कसारा घाटात तरी वेगळं काय? १ः३७ चा, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर वर नेणारा चढ, गाडी वर ढकलायला मागे लावलेली बँकर इंजिनं, पावसाळ्यात इगतपुरीच्या कड्यांवरून उतरणारे धबधबे. नाशिककरांना हे रोज बघायला मिळतं आणि रुळांच्या कडेला चहाचे कप, फरसाणाच्या पिशव्या साचतात.

रेल्वेने घाटाच्या आधी डब्यांतल्या कचरापेट्या रिकाम्या कराव्यात आणि कसारा, इगतपुरी या दोन्ही ठिकाणी मराठीतून सूचना द्यावी. प्रवाशांनी मुलांच्या हातातलं पाकीट स्टेशन येईपर्यंत आपल्या पिशवीत ठेवावं, ही कळकळीची विनंती.

– एक प्रवासी, नाशिकरोड