बाबा, तुमचा हिशेब आणि आमचा हीट पंप

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर घर गरम करणाऱ्या आमच्या विजेवरच्या हीट पंपाबद्दल तुम्ही म्हणालात, "आधी जळणाची वीज करायची, त्यात दोन हिस्से वाया घालवायचे, आणि त्या विजेची परत उष्णता करायची! त्यापेक्षा गॅस घरातच जाळलेला काय वाईट?" तेवढ्यात छोटी उठली आणि बोलणं अर्धवट राहिलं. आज ती झोपलीय, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुमचं म्हणणं कॉइलच्या हीटरला तंतोतंत लागू पडतं. कोळशाच्या वीजकेंद्रात शंभरातली पस्तीस-चाळीस टक्के उष्णताच विजेत उतरते. पुढे हीटर एका युनिटची एक युनिट उष्णता देतो, त्याहून कणभरही जास्त नाही. उलट घर गरम करणाऱ्या गॅसच्या नव्या भट्ट्या ९० टक्क्यांच्या वर उष्णता घरात देतात. त्या धुरातली वाफसुद्धा सोडत नाहीत. तिचं पाणी करून तिच्यातली सुप्त उष्णता काढून घेतात. त्यामुळे धूर इतका निवतो की त्याला प्लास्टिकची नळीही चालते. आमची भट्टी मात्र जुनी होती आणि बरीचशी उष्णता धुराड्यातून वर सोडून द्यायची. तेव्हा निवड कॉइलचा हीटर आणि नवी भट्टी एवढीच असती, तर मी डोळे मिटून भट्टी घेतली असती.

पण आम्ही बसवलाय तो हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची उचलून आत आणतो. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो ना, तेच यंत्र, फक्त त्यात एक झडप जास्त असते. ती फिरली की यंत्रात भरलेला, उष्णता वाहून नेणारा शीतक वायू उलट्या दिशेने वाहतो. कल्पना आजची नाही. लॉर्ड केल्विनने ती १८५२ सालीच मांडली होती.

मग तुम्ही विचाराल, बाहेर उणे दहा असताना उष्णता आणणार कुठून? मलाही हे पटायला वेळ लागला. उणे दहा आपल्याला गार. पण निरपेक्ष शून्य उणे २७३ अंशांवर आहे, त्याच्या मानाने उणे दहाच्या हवेतही भरपूर उष्णता उरलेली असते. यंत्रात फिरणारा आर-३२ नावाचा तो शीतक साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. दाब कमी ठेवला की बाहेरच्या कॉइलमध्ये तो त्या गार हवेतूनच उष्णता घेतो आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, ती तापते, आणि घरात येऊन उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. वीज लागते ती मुख्यतः या दाबण्याला. म्हणून साधारण थंडीत एका युनिटमागे तीन युनिट उष्णता मिळते, कधी जास्तही. उणे पंधराच्या पुढे ती दोनच्या आसपास येते.

आता तुमच्याच पद्धतीने मांडते. गॅसचे शंभर भाग घ्या. गॅसवरच्या आधुनिक वीजकेंद्रात त्यातून पंचावन्न-एक भाग वीज निघते, तारांमधली गळती धरून घरी पन्नास येते. तिप्पट केली की दीडशे. तोच गॅस उत्तम भट्टीत जाळला तर पंचाण्णव. वीज कोळशाची असेल तर पस्तीसातली बत्तीस-तेहतीस घरी पोचते, तिप्पट करून भट्टीशी जेमतेम बरोबरी होते. शिवाय तेवढ्याच उष्णतेला कोळसा गॅसपेक्षा कितीतरी जास्त कार्बन हवेत सोडतो. तिथे तुमचा मुद्दा खरा ठरतो, तो मी नाकारत नाही. पण वीजकेंद्र बदललं, पवनचक्क्या नि सौर पटलं वाढली, तर माझं यंत्र न बदलता आपोआप स्वच्छ होतं. भट्टी मात्र आयुष्यभर गॅसच जाळणार.

बिलाचा ठोकताळा सोपा आहे. गॅसही किलोवॅट-तासात मोजायचा. विजेचा दर गॅसच्या तिपटीच्या आत असेल तर पंप परवडतो, बराच वर गेला तर भट्टी. आमच्याकडे तो तिपटीच्या आत बसला.

सवयी बदलाव्या लागल्या. भट्टीची हवा पन्नास अंशांच्या वर यायची, हात धरला की चटका. पंपाची पस्तीस-चाळीस असते. पहिले काही दिवस मला यंत्र बिघडलंय असंच वाटायचं. ते हळूहळू, पण सतत चालू ठेवायचं असतं. रात्री तापमान खूप उतरवून सकाळी एकदम चढवलं तर उलट वीज जास्त जाऊ शकते. आणि एका पहाटे बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट उठताना पाहिले, तेव्हा छातीत धस्स झालं. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं, त्याचीच वाफ.

थंडाव्यासाठी घरात गॅस जवळपास बादच. गॅसच्या आचेवर चालणारी शीतयंत्रं आहेत, पण साध्या प्रकारात शंभर भाग आच दिली तर सत्तरच्या आसपास उष्णता बाहेर निघते. मोठ्या कारखान्यात वाया जाणारी वाफ असेल तिथे ती शोभतात. म्हणजे उन्हाळ्यासाठी विजेचं यंत्र लागणारच होतं, तेच हिवाळ्यात का चालवू नये? "वीज गेली तर?" असंही तुम्ही म्हणालात. बाबा, भट्टीचा पंखा विजेवरच होता. वीज गेली की तीही बंदच पडायची.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. दोन हिवाळ्यांमागे रात्री तीन वाजता कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला. छोटीला पांघरुणासकट उचलून आम्ही बर्फात बाहेर पळालो. भट्टीच्या आतल्या पत्र्याला, ज्वाळा आणि घरातली हवा यांच्या मधल्या, चीर गेली होती. महिनाभर आधीच एक तंत्रज्ञ "सगळं ठीक" सांगून गेला होता. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात वास मिसळतात, पण या वायूला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, माणूस झोपेतच जातो. आमचा जीव त्या रात्री गजराच्या एका छोट्याशा डबीवर अवलंबून होता. भट्टी काढायचं मी त्याच रात्री ठरवलं. बाकीचे हिशेब नंतर केले.

म्हणूनच खरं तर हे पत्र. तुमच्या बाथरूममधला गॅस गिझर बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्या, धूर जिथे थेट आकाशात जाईल तिथे. गरम पाण्याची नळी आत आणता येते. ते होईपर्यंत आधी बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी थोडा वेळ उघडी ठेवा आणि मगच आंघोळीला जा. आई दार लावून, गिझर चालू ठेवून आंघोळ करते हे मला माहीत आहे. तिला हे पत्र वाचून दाखवा. रविवारी फोन करीन तेव्हा प्लंबर कधी येणार तेवढं सांगा.

तुमची,
धाकटी