घरी बांधलेल्या गाडीची पुढची चाकं कोण बघणार?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

सातपूरला गेली एकतीस वर्षं मी व्हील अलाइनमेंटचं काम करतो. आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला, घरच्या घरी गाडी बनवणाऱ्या मुलावरचा लेख मी दोनदा वाचला. खर्च किती आला, इंजिन कुठल्या गाडीचं, ॲव्हरेज किती, रंग कोणी मारला, सगळं त्यात होतं. पुढच्या चाकांबद्दल मात्र एक ओळ नव्हती. फोटो समोरून काढलेला होता, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली. दोन्ही चाकं वरच्या अंगाला बाहेर कललेली, तीही डोळ्यांना दिसतील इतकी.

त्या मुलाचं मला मनापासून कौतुक आहे. चॅनेल कापून, टॅक मारून, स्वतःच्या हातांनी चेसीस उभा करणं सोपं नाही. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून किक मारून चालू होणारी गाडी केली, तिचं २०२१ मध्ये देशभर नाव झालं, तेव्हा माझ्या दुकानात आम्ही तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला होता. पण गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या भाच्याचा हात अशाच एका गाडीत मोडला. म्हणून हे पत्र.

भाचा गिरणाऱ्याचा. घरची द्राक्षबाग, हाताशी वेल्डिंग मशीन, आणि लहानपणापासून गाड्यांचं वेड. त्याने भंगारातली मारुती ८०० घेतली. अशा कामाला सगळे तीच घेतात. १९८३ पासून २०१४ पर्यंत ती गाडी बनत होती, त्यामुळे नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग), रॅक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारी दांडी), बॉल जॉइंट (चहूकडे फिरणारा सांधा) कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतात. इंजिन आणि गिअरबॉक्स त्याने सीटच्या मागे टाकले आणि पुढची बाजू नव्याने बांधली. बॉनेट खाली बसलेलं हवं होतं आणि ८०० चे शॉकअप उंच उभे राहतात, म्हणून त्याने ते काढून वर-खाली पाइपचे दोन आर्म, म्हणजे चाक चेसीसला धरणारे हात, केले. चुकायला सुरुवात इथे झाली.

८०० चं नकल हे अर्धंच हाड आहे, दुसरं अर्ध म्हणजे तिचा शॉकअप. मूळ गाडीत चाक वळतं ते खालचा बॉल जॉइंट आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग यांना जोडणाऱ्या रेषेभोवती. शॉकअप काढला आणि त्याच्या दोन बोल्टांच्या जागी वरचा बॉल जॉइंट बसवला की ती रेषाच बदलते. कंपनीने ठरवलेला कल गेला. आता नवा कल आपण ठरवायचा असतो. भाच्याने काय केलं, तर गुण्या लावला. मला अभिमानाने म्हणाला, "मामा, दोन्ही बॉल जॉइंट एकाखाली एक, मिलिमीटर इकडचा तिकडे नाही."

फॅब्रिकेशनमध्ये गुण्यात बसलेलं काम म्हणजे चांगलं काम. पण सायकलचा चिमटा बघा, बुलेटचा बघा. वरून मागे रेललेला असतो. तो रेललेला असतो म्हणूनच हात सैल सोडला तरी चाक सरळ धावतं. गाडीत त्यालाच कॅस्टर म्हणतात. भाच्याच्या गाडीला तो जवळजवळ शून्य होता. वळण झाल्यावर स्टिअरिंग परत येत नव्हतं, हाताने आणावं लागायचं. त्याला ते आवडलं होतं. "पॉवर स्टिअरिंगसारखं हलकं लागतं," म्हणायचा. मी एकदा गिरणाऱ्याला गेलो तेव्हा गाडी बघितली, वेल्डिंगची तारीफ केली, चहा घेतला आणि निघालो. खाली वाकून बघितलं नाही.

बागेच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर, पस्तीसच्या आसपास स्पीड असेल, ठिबकच्या मेन लाइनवर ओढलेल्या मातीच्या उंचवट्यावर डावं चाक चढलं आणि गाडी एकदम उजवीकडे गेली. स्टिअरिंग हातातून फिरलं. गाडी बागेच्या मांडवाच्या लोखंडी अँगलवर आदळली. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मांडवाची तार त्याच्या मानेपासून वीतभर लांब होती. बहीण दवाखान्यात मला एवढंच म्हणाली, "दादा, हे तर तुझ्याच धंद्यातलं काम होतं ना रे?"

त्याने त्याआधी अलाइनमेंट करून घेतली नव्हती असं नाही. शहरातल्या एका दुकानात केली होती. कॉम्प्युटरवर मारुती ८०० निवडली, टो, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते, जुळवलं आणि हिरव्या आकड्यांची चिठ्ठी हातात दिली. आमच्या धंद्यातली ही गोष्ट मला बोचते. मशीन सांगतं ते गाडी उभी असतानाचं. चाक वर-खाली होताना काय करतं, ते त्या चिठ्ठीत नसतं. कंपनीच्या गाडीत ते इंजिनिअरांनी आधीच बघितलेलं असतं, म्हणून आम्हाला बघावं लागत नाही. घरच्या गाडीत ते कोणीच बघितलेलं नसतं.

हात बरा झाल्यावर गाडी टेम्पोत घालून दुकानात आणली. चेसीस चार स्टँडवर घेतला, गाडी चालताना असते त्या उंचीला. पुढच्या स्प्रिंगा काढल्या, म्हणजे चाक जॅकने मोकळं वर-खाली होईल. स्टिअरिंग मधोमध आणून बांधून टाकलं. चाक काढून हबच्या, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या भागाच्या, बोल्टांवर प्लायची फळी आवळली आणि तिच्यावर पुढे-मागे ३०० मिमी अंतरावर दोन खिळे ठोकले. शेजारी जमिनीवर दुसरी फळी ओळंब्यात उभी केली. दोन्ही खिळ्यांपासून त्या फळीपर्यंतचं अंतर सारखं केलं आणि जॅक दहा-दहा मिमी वर घेत गेलो. भाचा पेन्सिलीने फळीवरच आकडे लिहीत होता. साठ मिमीला पुढच्या खिळ्याचं अंतर मागच्यापेक्षा १४ मिमी जास्त. म्हणजे स्टिअरिंग बांधलेलं असताना चाक आपलं आपण अडीच अंशांहून जास्त आत वळलं. खाली सोडलं तर जवळपास तेवढंच बाहेर. अलाइनमेंटला आम्ही एक-दोन मिमीवरून गिऱ्हाइकाशी वाद घालतो, आणि इथे चौदा! भाचा काही बोलला नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतः वाकून जॅक पुन्हा खालीवर करून बघितला.

याला बम्प स्टिअर म्हणतात. आर्मचं टोक कंसात फिरतं, टाय रॉडचं, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं, टोकही कंसात फिरतं. दोन्ही कंस जुळले तर चाक वर-खाली होताना सरळ राहतं, नाही जुळले तर टाय रॉड त्याला वळवतो. टाय रॉडचा आतला बॉल, वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या (चेसीसकडच्या) पिना जोडणाऱ्या रेषेवर आला पाहिजे, आणि दोन्ही आर्मच्या रेषा आत वाढवल्या की जिथे मिळतात त्याच ठिकाणाकडे टाय रॉडनेही बघितलं पाहिजे. भाच्याचा रॅक यापेक्षा २५ मिमी उंच होता. का, तर ब्रॅकेट खाली लावताना एक आडवा पाइप मध्ये येत होता, म्हणून त्याने ते पाइपवर बसवलं. बाकी काही कारण नाही. एक इंच!

ब्रॅकेट कापून रॅक खाली घेतला, मग वॉशर घालत-काढत दोन सोमवार गेले, तेव्हा साठ मिमीत एक मिमीवर आलो. वरच्या आर्मच्या पिना मागे सरकवून पाच अंश कॅस्टर दिला. कॅस्टर मोजायला महागडं मशीन लागतं असं नाही. चाक २० अंश आत वळवून कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल, घ्यायचा, २० अंश बाहेर वळवून घ्यायचा, दोन्हींतल्या फरकाची दीडपट म्हणजे जवळपास कॅस्टर. रुंद अलॉय रिमा आणि चाक बाहेर सरकवणारे स्पेसर काढायला लावले. त्यांच्यामुळे बॉल जॉइंटांची रेषा जमिनीला टेकते ती जागा टायरच्या मध्यापासून ६५ मिमी आत गेली होती. एक चाक मऊ मातीत आणि एक कडक जमिनीवर असताना ब्रेक मारला की तेवढ्या अंतराच्या तरफेने स्टिअरिंग हिसकलं जातं. ८०० च्या बारा इंची लोखंडी रिमा लावल्यावर गाडी दिसायला साधी झाली. तो थोडा नाराज झाला, होऊ दे.

मला खरा घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. ८०० ची पुढची चाकं इंजिनने फिरणारी. त्यांच्या हबमधून एक्सलच्या जॉइंटचं टोक आरपार येतं आणि त्याचा मोठा नट बेअरिंगला आवळून धरतो. इंजिन मागे गेलं, तसे भाच्याने पुढचे एक्सल काढून टाकले आणि हब पोकळ ठेवले. बेअरिंगला धरून ठेवणारं काहीच नाही! चालत्या गाडीचं चाक हबसकट निघून आलं असतं. जुन्या जॉइंटांची बाहेरची टोकं कापून हबमध्ये बसवली आणि नट टॉर्क रेंचने आवळले. इंजिन मागे टाकणाऱ्या प्रत्येकाने आज आपली गाडी उचलून एवढं तरी बघावं.

दुसऱ्या एका मुलाने रॅक ॲक्सलच्या पुढे घेता यावा म्हणून डावं-उजवं नकल अदलाबदल केलं होतं. तसं केलं की नकलवरचे, टाय रॉड जोडायचे हात पुढे येतात, पण त्यांची टोकं आतच राहतात. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, ते कमी वळतं. त्याचे टायर महिन्यात खाल्ले गेले.

आपल्या लेखात एक वाक्य होतं, की परदेशात हौशी लोक घरी गाड्या बांधतात, आपल्याकडे कायदा आडवा येतो. अर्धं खरं आहे. ब्रिटनमध्ये १९५७ सालची लोटस सेव्हन लोक सुट्या भागांत विकत घेत, कारण तशी घेतली तर खरेदी कर वाचायचा, आणि ती परंपरा तिथे अजून चालू आहे. पण तिथे घरी बांधलेली प्रत्येक गाडी रस्त्यावर यायच्या आधी एकेक करून तपासली जाते. २००९ पासूनच्या आताच्या तपासणीत, वळण घेऊन स्टिअरिंग सोडल्यावर ते आपोआप मध्याकडे येतं का, हेही बघतात. भाच्याची पहिली गाडी तिथेच नापास झाली असती आणि त्याचा हात वाचला असता. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावा लागतो. हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीला ते परवडतं, एकच गाडी बांधणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला नाही. म्हणून या गाड्या नंबरप्लेटशिवाय शेतात, मळ्यात, मोकळ्या मैदानावर चालतात, आणि कधी कधी रात्री रस्त्यावरही येतात. आपल्या फोटोतली गाडी तर भर दिवसा त्र्यंबक रोडला उभी होती.

म्हणून दोन विनंत्या. अशा मुलांवर पुन्हा लेख कराल तेव्हा कृपया आपल्या बातमीदाराला तीन प्रश्न विचारायला सांगा: स्टिअरिंग सोडलं की सरळ होतं का? चाक जॅकने वर घेतलं तर आपोआप वळतं का? गाडी कुठे चालवतोस? उत्तरं छापा. शंभर मुलं तो लेख वाचून वेल्डिंग मशीन भाड्याने आणतात.

दुसरी विनंती शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना आणि आयटीआयला. २००७ पासून पीथमपूरला होणाऱ्या बाहा या, इंजिनिअरिंगच्या मुलांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेत ट्रॅकवर जाण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते, ब्रेकची सुद्धा. अशा स्पर्धांना जाणाऱ्या मुलांना आर्मच्या पिना कुठे ठेवायच्या ते कॉम्प्युटरवर काढता येतं. गिरणारे, दिंडोरी, मखमलाबादकडच्या मुलाला ते दाखवणारं कोणी नाही. महिन्यातून एक शनिवार आपली वर्कशॉप अशा मुलांना उघडी करून द्या. गाडी पास की नापास हे सांगायची गरज नाही, मोजून दिली तरी पुष्कळ झालं.

तोवर माझं दुकान सोमवारी गिऱ्हाइकांना बंद असतं, पण मी तिथे असतो, आणि आता भाचाही येतो. फळी, खिळे, ओळंबा, जॅक सगळं आहे. पैसे घेणार नाही. फक्त गाडी टेम्पोत घालून आणा, चालवत आणू नका.

आपला नियमित वाचक,
एक अलाइनमेंट मेकॅनिक,
सातपूर, नाशिक